पावसातल्या भाजीवालीला बाजारात दोन हात जागा द्या

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

मे संपत आला, परवा रात्री आमच्याकडे पहिली सर पडून गेली आणि सकाळी दार उघडलं तर मातीचा वास आला, तसं मला गेल्या जुलैतलं सगळं परत आठवलं. तेव्हाच लिहायचं होतं पण राहून गेलं, आता पावसाच्या आधीच लिहिते म्हणजे ज्यांना काही करायचं असेल त्यांना वेळ मिळेल.

मी मूळची गोव्यातल्या सत्तरी तालुक्याची. लग्नानंतर शहरात आले, नोकरीही इथेच. आमच्या बाजारात दर पावसाळ्यात एक मावशी येते, नाव लिहीत नाही, बाजाराचंही नाव मुद्दाम लिहीत नाही कारण हे एकाच बाजारात होतं असं नाही. ती गावातून पहिली बस पकडते, डोक्यावर पाटली म्हणजे टोपली, पाटलीत टायकिळ्याच्या जुड्या, लूत, तेरें म्हणजे रानअळू, थोडी फागलां म्हणजे करटोली, आणि नशीब असेल त्या दिवशी पानात बांधलेली रोंयणीची अळमी, म्हणजे वारुळावर उगवणारी अळंबी. त्या दिवशी अळम्यांच्या दोन पुड्या होत्या. ती नेहमीच्या पायरीकडे बसली तर एक माणूस आला आणि म्हणाला इथे पासवाले बसतात, ऊठ. सोपो म्हणजे बाजारकर द्यायला ती तयार होती, पैसे हातात काढून धरले होते, तरी नाही. मग ती गटाराच्या कडेला गेली, तिथूनही अर्ध्या तासाने उठवलं, तेवढ्यात सर आली आणि गटाराचं पाणी वर येऊन जुड्या भिजल्या. टायकिळा एकदा असा घाण पाण्यात भिजला की तो कोण घेणार? शेवटी अळमी तिने एका हॉटेलच्या माणसाला दिली, पाचशे सांगितले होते, तो तीनशे ठेवून गेला. मी तिथेच उभी होते, हातात छत्री. मला काही बोलता आलं नाही ह्याचं अजून वाईट वाटतं.

हे पत्र तेवढ्यासाठीच आहे. जूनपासून गणेश चवथीपर्यंत रानातली भाजी डोक्यावरून आणणाऱ्या बायकांना बाजारात बसायला जागा द्यावी आणि त्यांच्याकडून सोपो घेऊ नये.

काहीजण म्हणतील की दोन जुड्या भाजीसाठी पेपरात पत्र कशाला. म्हणून ती बाई पाटलीत काय घेऊन येते ते जरा सांगते.

टायकिळा सगळ्यांना माहीत आहे, म्हणजे टाकळा, पहिल्या पावसानंतर रस्त्याच्या कडेला उगवतो, कोवळा असतानाच काढायचा, खोबरं आणि फणसाची भिकणां म्हणजे आठळ्या घालून करायची भाजी, महिनाभराने तो जून होतो आणि कडवट लागतो. पण त्याच्याच शेजारी त्याच्यासारखी दिसणारी कासविंद उगवते, तिच्या बिया पोरांनी खाल्ल्या तर जिवावर बेततं. आईने मला शिकवलं होतं ते असं, टायकिळ्याच्या एका डहाळीला पानांच्या तीन जोड्या आणि टोक गोल, कासविंदीला चार-पाच-सहा जोड्या आणि टोक अणकुचीदार. मी आज पन्नाशीला आले तरी भाजी हातात घेतली की आधी जोड्या मोजते, पण आमच्या बिल्डिंगमधल्या मुलांना टायकिळा म्हणजे गवतच वाटतं, त्यांना कोण शिकवणार.

लूत घ्या. सुरणाच्या जातीचं रानझाड ते, कोवळी पानं काढायची. लूत आणि तेरें दोन्हींत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक कण असतात, नीट शिजवली नाहीत तर घशात सुया टोचल्यासारखी खाज सुटते. म्हणून चांगलं उकळायचं आणि चिंच, आंबाडे, भिरंडाची म्हणजे कोकमाची सोलं असं काहीतरी आंबट भरपूर घालायचं. मावशी भाजी देताना दर वेळी विचारते, बाय, आंबट आसा मगे घरात? नसेल तर दोन आंबाडे वर टाकते. किल्ल म्हणजे बांबूचे कोंब, ते तसेच शिजवून खाल्ले तर त्रास होतो कारण त्यात सायनाइड तयार करणारा पदार्थ असतो, म्हणून चिरून पाण्यात ठेवायचे, पाणी बदलायचं, मग उकळायचे. हे पॅकेटवर छापून येत नाही, ते तिच्या तोंडून कळतं आणि भाजी घेता घेता कळतं. सुपरमार्केटमध्ये कोण सांगणार?

फागलांचंही तसंच. वेल दर वर्षी जमिनीतल्या कंदातून उठतो, नर वेल वेगळा मादी वेगळा. जिला माहीत आहे ती फळ काढते आणि कंदाला हात लावत नाही, नर वेलाला फळ लागत नाही म्हणून तो उपटून टाकत नाही. ज्याला माहीत नाही तो दोन्ही करतो आणि मग पुढच्या वर्षी तिथे काहीच नसतं.

आता अळमी. ह्यावर मला जास्त लिहायचंय.

रोंयणीची अळमी म्हणजे आमच्याकडे श्रावणाची शान, मांसाहार बंद असतो तेव्हा अळम्यांची शाकुती केली की घरात कोणी मटणाचं नाव काढत नाही. लहानपणी आई पहाटे उठवायची, टॉर्च घेऊन आम्ही जायचो, आणि पहिला नियम हा की जागा कोणाला सांगायची नाही, अगदी शेजारच्या काकीलाही नाही. एकच रोंयण, एकच जागा, दर वर्षी साधारण त्याच दिवसांत तिथेच येणार. आई कळ्या काढायची पण सगळ्या नाही, पूर्ण उघडलेल्या छत्र्या असतील तर त्यातल्या चार-पाच तशाच ठेवायची. मी विचारायची ही का नको, ती म्हणायची ती देवीची. मला तेव्हा ते पुरेसं होतं.

मोठी झाल्यावर वाचलं तेव्हा कळलं आई काय करत होती. ही अळमी नुसत्या मातीतून येत नाहीत. रोंयणीच्या आत वाळवी ह्या बुरशीची शेती करते, पालापाचोळा आणि लाकूड चघळून त्याचे स्पंजसारखे पोळे रचते, त्या पोळ्यांवर बुरशी वाढते, लाकडातला जो कठीण भाग वाळवीला पचत नाही तो बुरशी मोडून देते, आणि वाळवी ते खाते. टर्मिटोमायसिस नाव तिचं, आणि ही जोडी जवळजवळ तीन कोटी वर्षांपासूनची आहे. पाऊस झाला की खालच्या पोळ्यापासून एक लांब मूळ वर येतं आणि जमिनीवर छत्री उघडते. बटण मशरूमसारखी ही शेडमध्ये पिकवता येत नाहीत, कारण वाळवीच नसेल तर बुरशी कुठली. आणि सगळ्यात महत्त्वाचं हे की नवीन रोंयण वसवणारी वाळवी बहुतेक जातींत ही बुरशी आईच्या घरून बरोबर नेत नाही, तिला बीज बाहेरून गोळा करावं लागतं, आणि ते बीज पडतं उघडलेल्या छत्रीतून. म्हणजे सगळ्या कळ्याच काढल्या तर नव्या रोंयणींना बीज कुठून मिळणार? आई देवीची म्हणून जी चार-पाच ठेवायची ती खरंच त्या वाळवीची होती.

आणि देवी म्हणजे तरी कोण? आपल्या गोव्यात सांतेरी रोंयणीच्याच रूपात पुजतात, गावोगाव सांतेरीची देवळं आहेत, आत वारूळ आहे. असं असताना गेल्या काही वर्षांत पिकाव घेऊन रोंयण खणणारे लोक मी स्वतः पाहिलेत. आमच्या गावच्या वाटेवर एक रोंयण होती, माझ्या आईच्या आईला माहीत असलेली, कोणीतरी मुळासकट जास्त मिळतील म्हणून ती खणून काढली, आत ती पोळी फुटून पडली होती, त्यानंतर तिथे एकही अळमं आलं नाही. आणि माणसाने हाताने खणली तर एक रोंयण जाते, सड्यावर, म्हणजे डोंगरावरच्या पठारावर, जेसीबी फिरला की एका दुपारी किती जातात ते कोणी मोजत नाही. डॉ. नंदकुमार कामत गोवा विद्यापीठात कितीतरी वर्षं ह्या अळम्यांवर काम करत आले, ती ओरबाडू नका म्हणून लोकांना सांगत आले, ते ऐकलं पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

पण मग दोष कोणाला द्यायचा? अळम्यांची चर्चा निघाली की सगळे पटकन बोट दाखवतात ते पाटलीवाल्या बाईकडे, रान लुटतात म्हणे. अहो तिच्या पाटलीत मावतं ते किती? ती एकटी, पायी, पावसात, दोन पुड्या घेऊन येते, आणि तिला पुढच्या वर्षी त्याच रोंयणीकडे जायचं असतं. लूट होते ती गाडी लावून अख्ख्या गावाचा माल एकत्र उचलणाऱ्यांकडून, आणि फक्त बंद कळ्याच हव्यात म्हणून हट्ट धरणाऱ्या गिऱ्हाइकांकडून, ज्यात आम्ही शहरातले सगळे आलो. उघडलेलं अळमं स्वस्त जातं म्हणून सगळे कळ्या काढायला धावतात. उद्यापासून आम्ही घरात ठरवलंय, उघडलेली घ्यायची, चवीला काही कमी नाहीत, फक्त त्याच दिवशी शिजवायची.

हॉटेलवाल्या माणसाने तिला दोनशे कमी दिले ते का देऊ शकला, तर तिला बसायला जागा नव्हती. अळमं दुपारपर्यंत टिकत नाही, किडे पडतात, तिला परतीची बस गाठायची होती. जागा असती तर माझ्यासारख्या दोघींनी पाचशेला उचलली असती. आणि दोन पुड्यांचे नीट पैसे मिळाले की तिसरी पुडी काढायला ती जात नाही, तिने स्वतः मला सांगितलंय. बाजारातून तिला उठवून रान वाचत नाही, तिला कमी पैसे मिळतात तेव्हा उलट रानावरच जास्त भार पडतो.

दुसरी भीती वेगळी आहे. आता रील्स बघून लोक स्वतः अळमी काढायला निघालेत, पाहुण्यांना रानात फिरवून काढून खायला घालणाऱ्या टूरही निघाल्यात असं ऐकते, फोनमध्ये फोटो टाकला की नाव सांगणारं अ‍ॅप आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर दर वर्षी फिरतं की चांदीचा चमचा काळा पडला तर विषारी, लसूण काळा पडला तर विषारी, किडे लागलेलं असेल तर खायला चालतं. ह्यातलं काहीही खरं नाही. अमानिटा जातीतली काही अळमी दिसायला सुंदर, पांढरीशुभ्र असतात, त्यातलं विष शिजवून जात नाही, खाल्ल्यावर सहा तास, कधी कधी चोवीस तास काहीच होत नाही, मग उलट्या जुलाब, मग एक दिवस बरं वाटतं, आणि तेवढ्यात यकृत संपत आलेलं असतं. लॉनवर येणारी मोठी पांढरी छत्री असते, जुनी झाली की तिच्या खालच्या बाजूला हिरवट झाक येते, तीही खाल्ली तर हॉस्पिटल गाठायला लागतं. कोणी खाल्लंच चुकून, तर उलटीची वाट न बघता उरलेलं अळमं पिशवीत घालून सरळ डॉक्टरकडे जा.

मावशीला मी एकदा आमच्या कंपाउंडमधलं एक अळमं दाखवलं होतं. तिने हातात घेतलं, उलटं केलं, वास घेतला, आणि म्हणाली, हांव हें वळखना बाय, उडय. मला हे ओळखता येत नाही, टाकून दे. चाळीस पावसाळे रानात काढलेली बाई म्हणते मला माहीत नाही, आणि काल फोन घेतलेला मुलगा म्हणतो एटी पर्सेंट मॅच आहे. मला मावशीवर भरवसा आहे, आणि तो भरवसा बाजारातच तयार होतो, वर्षानुवर्षं त्याच पायरीवर त्याच बाईकडून घेऊन. तिला तिथून उठवलं तर लोक अळमी खायचं थांबणार नाहीत, ती अनोळखी माणसाकडून रस्त्यावर गाडी थांबवून घेतील.

नदीकडच्या बायकांचंही थोडं सांगते, ते मला तेवढं जवळून माहीत नाही. एक जून ते एकतीस जुलै ट्रॉलर बंद असतात, तेव्हा सुकं नुस्तं म्हणजे सुकी मासळी आणि खुबे, तिसऱ्यो, कालवां अशा शिंपल्या ह्यांच्यावरच घरं चालतात, सुकतीला म्हणजे ओहोटीला गुडघाभर चिखलात उभं राहून पायाने चाचपून काढायचं काम बायकांचं. त्या लहान शिंपल्या परत टाकतात. चिखलीच्या खाडीत खिडक्यांना लावायच्या त्या चपट्या पारदर्शक शिंपा मिळतात, जुन्या घरांना काचेच्या जागी बसवायचे त्या, त्यांना वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, हे पिकनिकला जाऊन बादल्या भरणाऱ्यांना माहीत नसतं. ह्या बायकासुद्धा बाजाराच्या कडेला, पाण्यातच बसतात.

कायद्याचं मी वाचलं ते असं. अभयारण्यातून परवानगीशिवाय काही काढता येत नाही, ते बरोबर आहे, म्हादई, नेत्रावळी, खोतीगाव ही राखलीच पाहिजेत. पण रानात पिढ्यानपिढ्या राहणाऱ्यांना गौण वनउपजावर हक्क देणारा वनहक्क कायदा २००६ चा आहे, आपल्याकडच्या गावडा, कुणबी, वेळीप समाजांना २००३ मध्ये अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला, तरी कित्येक दावे अजून पडून आहेत. त्यामुळे बाई रानात गेली तर तिला वनखात्याची भीती आणि बाजारात आली तर पासवाल्यांची. आणि बाजारासाठी तर २०१४ चा पथविक्रेत्यांचा कायदा आहे, त्यात जिथे विकणारे आणि घेणारे वर्षानुवर्षं जमतात अशा जागांना नैसर्गिक बाजार म्हणून मानलंय, शहर विक्रेता समिती नेमायला सांगितलंय. आमच्या बाजाराची ती पायरी माझ्या सासूच्या लग्नाआधीपासून रानभाजीची आहे. मग ती नैसर्गिक बाजार नाही तर काय?

आणि हे जमणार नाही असं कोणी म्हणू नये, कारण दर वर्षी जमतंच. चवथीच्या आधी माटोळीचा, म्हणजे गणपतीच्या वर बांधायच्या रानफळांच्या आराशीचा, बाजार भरतो तेव्हा ह्याच बायका कांगलां, घागऱ्यो, कवंडळ, आंबाडे, तोरिंगां, सुपारीचे घोस घेऊन येतात, रस्त्याच्या कडेला ओळीने बसतात, तेव्हा पोलिस ट्रॅफिक वळवतात, कोणी कोणाला उठवत नाही. कला आणि संस्कृती खातं माटोळीची स्पर्धा घेतं, शंभर-दोनशे तऱ्हेची रानफळं बांधणाऱ्याला बक्षीस मिळतं, फोटो छापून येतात, तुमच्याच पेपरात मी बघते. ती फळं कुठल्या कड्यावर कधी धरतात हे माहीत असणारी हीच बाई ना? चवथीच्या चार दिवसांत तिचं कौतुक करायचं आणि जूनमध्ये तिला गटाराकडे बसवायचं हे मला पटत नाही.

माझं म्हणणं फार मोठं नाही. जूनच्या पहिल्या आठवड्यात चुन्याने एक पट्टा आखून द्या, वर एक ताडपत्री बांधा म्हणजे पाणी गळणार नाही, डोक्यावरून पाटली आणणाऱ्या बाईलाच तिथे बसू द्या, टेम्पोने माल आणणाऱ्याला नको. पास मागू नका, ती रोज येत नाही, पाऊस आणि रान जसं देईल तशी येते, वर्षाचा पास ती कशी काढणार? सोपो वसूल करणाऱ्याला तसं लेखी कळवा, कारण तोंडी सांगितलेलं तो मानत नाही. शाळांनाही सांगावंसं वाटतं, पावसाळ्यात मुलांना एक सकाळ ह्या पट्ट्यावर आणा, मावशीच त्यांना टायकिळ्याची पानं मोजायला शिकवेल.

हे पत्र लिहायच्या आधी मी तिला विचारून घेतलं, तुला बसायला किती जागा लागते. तिने दोन्ही हात पसरून दाखवलं, मग जरा आत घेतले, म्हणाली एवढी पुरे, मधे पाटली आणि मागे मी. सकाळी सातला येते आणि साडेअकराच्या बसने परत जाते. पुढच्या आठवड्यात पाऊस धरला तर टायकिळा घेऊन येते असा निरोप आलाय, कुठे बसू ते विचारून ठेव म्हणाली आहे. मी तीन ठिकाणी विचारून आले, अजून कोणी सांगितलं नाही.

आपली,
एक वाचक, मूळ सत्तरी